एका पंक्तीतल्या दोन गोळ्या

"तुझे आजोबा संस्थानात दप्तरदार होते. त्यांच्या नातीनं आता लोकांची लघवी वाहायची?"

"दप्तरदारांना होत नसे का, आई?"

हे मी भिंतीआडून ऐकलं. धारला, सासरच्या घरी, चौऱ्याण्णव साली, दिवाळीच्या तोंडावर. मी करंज्यांचं सारण ढवळत होते आणि माजघरात माझ्या सासूबाई आणि माझी नणंद वासंती यांची जुंपली होती. सारण खाली लागलं, कारण असलं भांडण अर्धवट सोडून कढईकडे बघणं मला कधी जमलंच नाही.

"एस्टीत, चारचौघांत, मांडीवर घेऊन बसणार तू ते!"

"बाटलीत असतं, आई. बाटलीला बूच असतं."

"आणि लोकांच्या तोंडाला? त्याला बूच लावशील?"

शेवटी तह झाला. वन्संनी काम करायचं, पण त्या पिशवीसकट मागच्या दारानं यायचं, पिशवी अंगणातल्या खुंटीला टांगायची, आणि अंगावर दोन तांबे घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. वन्संनी मान डोलावली. पुढची आठ वर्षं ती पिशवी त्या खुंटीवरच राहिली.

मी त्यांना वन्सं म्हणते, कारण आमच्या यांच्याहून त्या मोठ्या. आम्ही देवासचे. यांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून पंचाहत्तर साली देवासला आलो ते इथलेच झालो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही चौथीच्या परीक्षेत गोवर निघाला म्हणून अर्धी. तेव्हा पुढे डॉक्टरकीचं जे लिहिते आहे ते वन्संनी मला मेथी निवडताना समजावलं तसंच लिहिते. चुकलं तर मेथीवर ढकला.

वन्संचे यजमान अठ्ठ्याऐंशी साली गेले. किडन्या आकसून सुपारीएवढ्या झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या माहेरी धारला परतल्या. देवासच्या नीलकंठ डॉक्टरांनी यजमानांवर उपचार केले होते, आणि हे डॉक्टर महिन्यातून एकदा धारला येऊन रोगी तपासायचे. त्यांना कुणीतरी भरवशाचं हवं होतं, जे सकाळी घरोघर जाऊन बाटल्या गोळा करील आणि बर्फात घालून देवासला पोचवील. वन्सं म्हणाल्या, मी करते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काम कसं करायच्या ते सांगते. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पहाटे उठून घरोघर. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, आणि नाव दारात उभं राहून त्या बाईकडूनच वाचून घ्यायचं. मग बर्फ, बर्फावर गोणपाट, आणि पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणायचा, "बाईसाब, थैला ऊपर रख दो." वन्सं म्हणायच्या, "भिया, तू ऊपर बैठ जा, थैला यहीं रहेगा." इंदूरला गाडी बदलायची, पण पिशवी सोडून कुठे जायचं नाही, म्हणून वाटेत पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. दुसऱ्यांची देवासला पोचवणारी ही बाई स्वतःची मात्र धारपासून देवासपर्यंत धरून ठेवायची.

दोन हजार एक साली नीलकंठ डॉक्टरांनी नवा अभ्यास काढला. वन्सं माझ्याकडे जेवायला थांबल्या तेव्हा मी विचारलं, "आता कसलं खूळ?"

"वहिनी, आपल्या रक्तात चार मण्यांची एवढीशी माळ फिरत असते. पेप्टाइड म्हणतात तिला."

"कोण ओवतं ती?"

"आपलंच शरीर. जखम भरली की वण राहतो ना? तसा वण किडनीला आतूनही पडतो. वण पडला की तेवढी जागा कामातून गेली. ही माळ वण पडू देत नाही, असं मोठमोठ्या डॉक्टरांना वाटतंय. अजून तपासतायत. पण शरीरातच एक कात्री आहे, ती ही माळ कापून टाकते."

"शरीरच ओवतं आणि शरीरच कापतं? आपल्या घरासारखंच की."

वन्सं हसल्या. ब्लडप्रेशरची एक पिवळी गोळी ही कात्री धरून ठेवते, म्हणजे माळ टिकते आणि लघवीत मणी जास्त सापडतात. परदेशात हे सापडलं होतंच. आपल्याकडच्या माणसांत तसं होतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. दुसरी एक पांढरी गोळी होती. तिनंही ब्लडप्रेशर उतरायचं, पण कात्रीला ती हात लावत नव्हती. धारच्या दत्तमंदिराच्या गल्लीतल्या वीस बायका आणि एक उदाजीराव, असे एकवीस रोगी निवडले. चिठ्ठ्या टाकून दहा बायकांना पिवळी, दहांना पांढरी, उदाजीरावांना पिवळी. गोळ्या फुकट, तपासणी फुकट. त्या वीस बायकांत आमच्या सासूबाईही होत्या.

जुलैतल्या पहिल्या गुरुवारी मी दवाखान्यात वन्संसाठी थालीपिठं घेऊन गेले होते. आत नीलकंठ डॉक्टर खुर्चीत बसलेले, आणि त्यांचे मदतनीस डॉक्टर विहंग हातात कागद घेऊन उभे. विहंग हुशार, पण नव्या वह्यांसारखे कडक.

"ताई, बुरा मत मानिए," ते म्हणाले. "फेब्रुवारी, मार्च, वीसच्या वीस बायकांचे मणी वर. एप्रिल, मे, वीसच्या वीस खाली. जूनला परत सगळे वर. अहो, पिवळी निम्म्यांनाच आहे, तर निम्म्यांचेच वर हवेत ना? हे तर एका भांड्यातून वीस बाटल्या भरल्यासारखं झालं."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"घरोघर फिरायचा कंटाळा येत असेल तर सांगायचं होतं, ताई. त्यात काय."

वन्संनी पिशवी उघडली, बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "एकवीस. बर्फ शाबूत आहे. सही करा."

नीलकंठ डॉक्टरांनी सही केली. मग म्हणाले, "वासंतीताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण या कागदावर कोण विश्वास ठेवणार? ऑगस्टपर्यंत उलगडा झाला नाही तर अभ्यास बंद करावा लागेल. मग गोळ्याही बंद. आणि का बंद झाला, हे मला खरं खरं लिहून द्यावं लागेल."

म्हणजे त्यात वन्संचं नाव येणार. ते न सांगता सगळ्यांना कळलं.

माझ्या घरी आल्यावर वन्संनी आकडे उतरवून आणलेला कागद चुलीशेजारी पसरला. थालीपिठाला हात लावला नाही. मी म्हटलं, "वन्सं, सोडा ते काम. सात वर्षं केलंत, पुरे झालं."

"सोडलं तर मीच केलं असं होईल." मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा. उदाजीराव. यांचे दर महिन्याला वर. पिवळी गोळी, मणी वर. अगदी बरोबर. मी सगळ्या बाटल्या एका भांड्यातून भरल्या, तर यांच्या एकट्यासाठी वेगळं भांडं नेलं होतं का?"

उदाजीराव म्हणजे ट्रेझरीतून निवृत्त झालेला अत्यंत खाष्ट माणूस. मी सहज म्हटलं, "त्यांचं सगळंच वेगळं. कुणाच्या पंक्तीला बसलेत कधी? मुंजीचं ताटसुद्धा घरी मागवतात."

वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. मग थालीपीठ ओढलं आणि दोन खाल्ली. मला वाटलं, माझ्या हाताला चव आली. तसं नव्हतं. त्यांना वाट सापडली होती.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर धारला गेले. संध्याकाळी सासूबाईंचं भजनी मंडळ, म्हणजे त्याच वीस बायका, दत्तमंदिरात बसायचं. वन्सं दवाखान्याच्या कामामुळे तिथे कधी जात नसत. त्या दिवशी आम्ही दोघी जाऊन मागे बसलो. भजन सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की टाळापेक्षा खोकलाच जास्त वाजतो आहे. ही खोकते, ती खोकते, मध्येच पेटीवालीही.

वन्सं माझ्या कानाशी लागल्या. "पिवळ्या गोळीनं काहींना कोरडा खोकला येतो. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. पण ती बघा, ती पांढरीवाली. आणि ती खांबाजवळची, तीही पांढरीवाली."

आरती झाली. बायका ओळीनं बसल्या. सासूबाईंनी दप्तरदारांच्या वेळचा पितळी पानाचा डबा उघडला आणि पहिल्या बाईपासून सुरुवात केली. प्रत्येकीच्या तळहातावर एक खडीसाखरेचा खडा आणि एक गोळी.

"आज पिवळी," त्यांनी जाहीर केलं. जणू काही तिथीच सांगताहेत.

घरी येऊन वन्संनी दार लावलं आणि मग विचारलं, "आई, हे कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून." सासूबाई जरासुद्धा बिचकल्या नाहीत. "एका ओळीत बसणाऱ्या वीस बायका. हिला पिवळी, तिला पांढरी. पांढरीवाल्या रडकुंडीला आल्या, आमचं काय पाप म्हणून. हा पंक्तिप्रपंच झाला! पंगतीत एकाच्या पानावर तूप जास्त पडलं तर तुझे आजोबा वाढप्याला हाकलून द्यायचे. मी सगळ्यांच्या गोळ्या डब्यात घेतल्या. दहा पिवळ्या, दहा पांढऱ्या, रोजच्या वीस. दोन दिवसांच्या मिळून एक दिवस सगळ्यांना पिवळी, एक दिवस सगळ्यांना पांढरी. सारखं वाढलं. कुणाचं वाकडं झालं?"

"आणि उदाजीराव?"

"त्याला बोलावलं होतं. म्हणाला, माझी गोळी मी कुणाला देणार नाही. तो कसला देतोय!"

मला हसू आवरेना, पण वन्संचा चेहरा बघून गिळलं.

"कुणाचं वाकडं झालं विचारतेस ना, आई? माझं झालं. भरदवाखान्यात मला म्हणाले, तू एका भांड्यातून वीस बाटल्या भरल्यास. खोटारडी ठरले मी."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "कोण म्हणालं?"

तो "कोण" मी अजून विसरलेले नाही. सात वर्षं त्या कामाला त्यांनी नाक मुरडलं, पण दुसऱ्या कुणी त्यावर बोट ठेवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

"डॉक्टर विहंग. ते जाऊ दे. तू डॉक्टरांना सांगशील का?"

आता सासूबाई खाली बसल्या. सांगायचं म्हणजे वीस बायकांसमोर आपली चूक कबूल करायची, आणि डॉक्टर रागावले तर वीसजणींच्या गोळ्या बंद. बराच वेळ त्या डब्याच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळची पहिली गाडी किती वाजता असते?"

शहात्तर वर्षांची बाई, दहा वर्षांत एस्टीत बसलेली नव्हती. नऊवारी नेसून, मांडीवर पितळी डबा घेऊन, त्या खिडकीशी बसल्या. कंडक्टर आला, "माँजी, डिब्बा ऊपर रख दूँ?" सासूबाई म्हणाल्या, "खबरदार." वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

देवासच्या दवाखान्यात त्यांनी डबा टेबलावर आपटला. आत निम्म्या पिवळ्या, निम्म्या पांढऱ्या.

"डॉक्टर विहंग आपणच का? भांडं एकच होतं, बरोबर ओळखलंत. हे ते भांडं. ह्या मुलीनं एक थेंब इकडचा तिकडे केलेला नाही. जे केलं ते मी केलं. काय बोलायचं ते मला बोला."

आणि सगळी हकीगत सांगितली. कागदाशी ताडून बघितलं तर ज्या बुधवारी पिवळीची पाळी, त्या गुरुवारी वीसच्या वीस वर. ज्या बुधवारी पांढरीची, त्या गुरुवारी वीसच्या वीस खाली. नीलकंठ डॉक्टर हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसत राहिले. "विहंग, अरे, यंत्र बरोबर, बाटल्या बरोबर, मणीसुद्धा बरोबर! आपणच चुकलो. एका पंगतीत दोन पदार्थ वाढायला निघालो होतो."

"पण सर, अभ्यास तर गेलाच," विहंग म्हणाले.

तेव्हा वन्सं बोलल्या. "का जाईल? एका पंगतीला एकच गोळी द्या. धारच्या सगळ्या बायकांना पिवळी, आणि इथे देवासला आमच्या वहिनींच्या कॉलनीतल्या ब्लडप्रेशरवाल्या सगळ्यांना पांढरी. चिठ्ठी टाकून ठरवा हवं तर. सहा महिन्यांनी अदलाबदल करा. म्हणजे कुणावर अन्याय नाही, आणि धारची गोळी रोज देवासला येऊन तर कुणी वाटणार नाही."

विहंग खुर्चीत बसले. "सर, हे पुस्तकात आहे. अशा अभ्यासाला नाव आहे."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे त्याला पंगत म्हणतात. पण वासंती, धारला पिवळी आणि देवासला पांढरी, हा प्रपंच नाही का?"

"वेगळी पंगत, वेगळा स्वयंपाक, आई. पुढच्या खेपेला पदार्थ बदलणार आहे."

सासूबाईंनी विचार केला आणि चिठ्ठी स्वतः उचलली. धारला पिवळी आली. आम्ही देवासवाल्या पांढऱ्या ठरलो. सहा महिने आम्ही ठणठणीत भजनं म्हटली आणि धारला खोकल्याचा ताल चालू राहिला. नंतर पाळी आमच्यावर आली.

आता वन्संना दोन गावांच्या बाटल्या, चाळीसच्या वर. थंडीत, पावसात, एकदा तर गाडी बंद पडली म्हणून दुधाच्या टेम्पोत बसून, पण पहिला गुरुवार चुकला नाही. दोन हजार दोनच्या शेवटी विहंगनी सगळे कागद एकत्र मांडले. पहिले सहा महिने धारचे मणी वर, देवासचे खाली. पुढचे सहा महिने देवासचे वर, धारचे खाली. इतकं स्वच्छ की मलासुद्धा कळलं, आणि मला तर बसचा नंबर वाचायलाही वेळ लागतो. किती जणींच्या किडन्या वाचल्या म्हणून मला विचारू नका. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा अभ्यासातून ते सांगता येत नाही. पण आपल्या माणसांतही पिवळी गोळी माळ टिकवते, हे दिसलं, आणि ते वन्संनी आणलेल्या दोन्ही गावांच्या बाटल्यांतून, एक थेंब इकडचा तिकडे न होता दिसलं.

विहंग वन्संसमोर आले. "ताई, मी चुकलो. यापुढे तुमच्या बाटल्या मी मोजणार नाही."

"मोजायच्या," वन्सं म्हणाल्या. "दर वेळेला मोजायच्या. मोजल्यात म्हणून तर सापडलं."

नीलकंठ डॉक्टरांनी दोन्ही गावांना जेवण दिलं. दवाखान्यामागच्या अंगणात एकच लांब पंगत. श्रीखंड सगळ्यांना दोन दोन चमचे, सासूबाई स्वतः फिरून बघत होत्या. उदाजीराव आले, पण ताट घरून घेऊन आले. आणि सगळ्यांच्या देखत सासूबाईंनी वन्संची ती पिशवी उचलली, दवाखान्याच्या पुढच्या दारातून आत नेली आणि त्यांच्या पाटाशेजारी ठेवली. "बसू दे तिलाही," म्हणाल्या. त्या दिवसापासून धारच्या घरीही मागचं दार आणि ते दोन तांबे संपले. अंगणातली खुंटी पुढे कुणीतरी छत्री टांगायला वापरली.

वन्संनी ते काम पुढे सहा वर्षं केलं. अभ्यास संपले, नवे निघाले, गोळ्यांचे रंग बदलले. नव्या बायांना त्यांनी शिकवलं, की नाव दारात उभं राहून वाचून घ्यायचं, आणि गोळी कोण खातं हे विचारताना ओरडायचं नाही, शेजारी बसून विचारायचं. सासूबाई दोन हजार पाच साली गेल्या, ऐंशी पुऱ्या करून. वन्सं गेल्या नऊ सालच्या मार्चमध्ये, शनिवारी, झोपेतच. त्याआधीचा गुरुवार महिन्याचा पहिला गुरुवार होता.

त्या गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला त्या देवासला उतरल्या. सतरा बाटल्या होत्या. विहंगनी मोजल्या, नावं वाचली, बर्फाला हात लावून बघितला. एका पट्टीवरची शाई ओघळली होती, ती वन्संनी दुसऱ्या पट्टीवर लिहून चिकटवली. उरलेलं बर्फाचं पाणी मोरीत ओतलं, गोणपाट पिळलं. मग माझ्याकडे येऊन दोन भांडी पाणी प्यायल्या, पिठलं-भाकरी खाल्ली, मिरची कमी आहे म्हणाल्या. मी थांबायचा आग्रह केला तर म्हणाल्या, "उद्या सकाळी चिकटपट्ट्या आणायच्यात, संपल्या." मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. त्यांनी सहीचा कागद एकदा उघडून बघितला, घडी घालून कमरेच्या बटव्यात ठेवला, रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि तीनच्या गाडीत खिडकीजवळ बसल्या.